तीन चाके आणि तीन हवा

पिरंगुटच्या घाटातले ते डावे वळण मी आयुष्यात विसरणार नाही. १९९६ सालची गोष्ट. दिवाळीसाठी आईला पौडच्या पुढे तिच्या माहेरी सोडून मी एकटाच पुण्याकडे परतत होतो. वाहन म्हणजे चेतक स्कूटर आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. आईचे गुडघे गेल्यापासून तिला मागच्या सीटवर बसता येईना, म्हणून ही पेटी जोडून घेतली होती. वळणाच्या तोंडाशी रस्ता उखडलेला होता. साइडकारचे चाक त्या खडबडीत पट्ट्यावर चेंडूसारखे उडाले आणि मी वळण घेत असल्यामुळे खाली यायचे विसरूनच गेले. पेटी हवेत, स्कूटर उजवीकडे कललेली आणि समोरून येणारा मालट्रक! मी हँडल सरळ केले तशी पेटी धप्पकन खाली बसली. पण सरळ करणे म्हणजे ट्रकच्या बाजूला जाणे. ट्रकवाल्याने गाडी कडेला दाबली, म्हणून आज हे लिहितो आहे.

घरी येऊन अंगाची थरथर थांबल्यावर विचार केला, की सकाळी याच रस्त्याने जाताना काही झाले नाही, मग संध्याकाळीच का? सकाळी पेटीत आई होती, हे उघड उत्तर. रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलली जाते, हे ती चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण इतकी? तेव्हा आठवले, की जाताना वाटेत एका टपरीवर हवा भरली होती. तिथे मीटर नव्हता. पोराने तिन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, पान्याने ठोकले आणि तिन्ही सारखेच टणटणीत करून दिले. "साहेब, टाइट ठेवलीय, घाटाला बरी." मी त्याला पैसे आणि वर शाबासकी देऊन निघालो. दोष त्याला कसा देऊ? मी तरी कुठे आकडा सांगितला होता!

आकडा मला माहीत होता, पण तो दोन चाकांचा. चेतकला पुढे १८ पौंड, मागे एकट्यासाठी २५ आणि मागे माणूस बसला की ३६. या आकड्यांकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. एक माणूस वाढला तर मागच्या चाकाला एकदम अकरा पौंड जास्त! म्हणजे हवा टायरसाठी नसते, टायरवरच्या वजनासाठी असते. मग ज्या पेटीत कधी साठ किलोची आई असते आणि कधी नुसती घोंगडी, त्या पेटीच्या चाकाला कायमचा एक आकडा असेल कसा?

हिशेब अगदी ढोबळ आहे. चाकावरचे वजन पौंडात घ्यावे, हवेच्या दाबाने भागावे. जमिनीला टेकणारा टायरचा तुकडा तेवढ्या चौरस इंचांचा. रिकाम्या साइडकारच्या चाकावर पंचेचाळीस किलो, म्हणजे शंभर पौंड धरू. ३६ पौंड हवा असेल तर जमिनीला टेकतात पावणेतीन चौरस इंच. काडेपेटीएवढी जागा! त्यावर माझा तोल. हवा १६ वर आणली, की हीच जागा सव्वासहा इंच होते आणि टायर खड्ड्यावर उडण्याऐवजी खड्डा गिळतो.

मात्र हवा कमी करायची ती बेतानेच. साइडकारचे चाक फार मऊ झाले, की ते मागे ओढते आणि गाडी सारखी डावीकडे जायला बघते. शिवाय साध्या स्कूटरसारखे हे वाहन वळणावर कलत नाही. सगळा जोर आडवा येतो, टायरची भिंत दुमडू पाहते. म्हणून टायर निवडताना मी नक्षीपेक्षा भिंत बघतो. जास्त प्लायचा, कडक अंगाचा टायर तीन चाकांना बरा. गोल पाठीचा टायर दुचाकीला कलण्यासाठी दिलेला असतो; इथे त्याच्या कडा नव्याकोऱ्या राहतात आणि मधला पट्टा गुळगुळीत होतो. सपाट पाठीचा मिळाला तर उत्तम.

दुकानदार हल्ली ट्यूबलेस गळ्यात मारू पाहतात. चेतकची रिम दोन अर्धुकांची, नटांनी जोडलेली. तिच्या सांध्यातून हवा जाणारच. तिथे ट्यूब हवीच. आणि हे नट सोडण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढावी. भरल्या हवेत नट सोडले तर रिमचे अर्धुक बंदुकीच्या गोळीसारखे सुटते.

आमच्या साइडकारला चाक स्कूटरचेच आहे, त्यामुळे एक स्टेपनी तिन्हीकडे चालते. नवा टायर मी मागे घालतो, कारण गाडी ओढायचे काम त्याचे. निम्मा झिजलेला साइडकारला. त्याला ना ओढायचे असते ना ब्रेक लावायचा असतो. पण गुळगुळीत टायर तिथेही नको. मुळशीचा पाऊस आणि भातखाचरांतून रस्त्यावर येणारा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. पौडच्या पुढे आत वळलो, की बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या असत. त्यात आमची दोन चाके जात आणि तिसरे नेमके उंचवट्यावर! तीन चाकांना खड्डा चुकवता येत नाही. कोणत्या चाकाने खायचा, एवढेच ठरवता येते.

शेवटी खिशात मावणारा मीटर विकत घेतला आणि खडूचा एक तुकडा. टायरच्या पाठीवर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस पावले न्यायची आणि उतरून बघायचे. रेघ फक्त मध्ये पुसली असेल तर हवा जास्त. फक्त कडांना पुसली तर कमी. हे सारे टायर थंड असताना. घाट चढून टायर तापला, की दाब आपोआप वाढतो. तेव्हा घाबरून हवा सोडली, तर घरी येईपर्यंत टायर मऊ पडलेला सापडतो. अशा खडूच्या रेघा ओढत माझे आकडे ठरले. पुढे २०, मागे २८. साइडकारला रिकामी असताना १६, आई बसली की २२. दुसऱ्याच्या गाडीला, दुसऱ्याच्या आईला ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

रिकामी पेटी मात्र मी घाटातून पुन्हा कधी आणली नाही. आईला सोडून परतताना मामांकडून आंबेमोहोराचे तीसेक किलोचे पोते घ्यायचो आणि सीटवर नव्हे, खाली तळाशी, चाकाच्या आसाजवळ आडवे टाकायचो. निघण्यापूर्वी मामांच्या अंगणात उकिडवा बसून मीटर लावायचो, साइडकारची हवा १८ वर आणायचो. मामी ओसरीवरून विचारायच्या, "अहो, तांदळाला कशाला हवा?"