बॅग भरताना (लेखांक 9) : एक बाटली, पाच हद्दी

विमानातल्या सामानावरचा मागचा लेखांक छापून आला आणि चारच दिवसांत बोईसरहून एक पत्र आलं. लिहिणारे गृहस्थ तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने दोघांना मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली आहेत. प्रश्न सरळ आहे. ‘जहाजावर एकेक पेग फार महाग पडतो असं ऐकतो. दमण आपल्याला काय लांब आहे? वापीला उतरलं की रिक्षा. दोन खंबे आणून कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवले तर चालतील का? बॅग खरोखरच उघडून बघतात का?’ आणि खाली, ‘ता. क. : सौ.ना विचारून लिहिलेलं नाही.’

काका, जहाजावर बाटली चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमची खरी अडचण जहाजावर नाहीच. तुमची बाटली जहाजाच्या शिडीपर्यंत पोहोचायच्या आधी चार हद्दी ओलांडणार आहे. प्रत्येक हद्दीत तिच्याकडे बघणारा माणूस वेगळा, त्याच्या हातातलं पुस्तक वेगळं आणि शिक्षाही वेगळी. गंमत अशी, की ज्या जहाजाची तुम्हाला धास्ती आहे तिथली शिक्षा सगळ्यांत हलकी आहे.

पहिली हद्द दमणची. इथे बाटली घेण्यात गुन्हा काहीच नाही. कर कमी म्हणून किंमत कमी, आणि ही विक्री फक्त या केंद्रशासित प्रदेशासाठी आहे अशी सूचना बाटलीवरच छापलेली असते. ती ओळ कोणी वाचत नाही, पण पुढची सगळी भानगड तिच्यातच आहे. दमण असं वेगळं का राहिलं, त्याला इतिहास आहे. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा 1949 सालचा. तेव्हा दमणवर पोर्तुगिजांचं राज्य होतं. डिसेंबर 1961 मध्ये दमण भारतात आलं, पण ते ना महाराष्ट्राला मिळालं ना गुजरातला, केंद्राकडेच राहिलं. त्यामुळे तो कायदा त्या चिमुकल्या तुकड्याला कधी लागूच झाला नाही.

दुसरी हद्द गुजरातची, आणि सगळ्यांत अवघड तीच. दमणच्या जमिनीच्या बाजूला तिन्हीकडे गुजरात आहे. वापीला गाडीत बसलात की करमबेले, भिलाड, संजाण, उंबरगाव रोड ही स्टेशनं गुजरातची; घोलवड आलं की महाराष्ट्र. मेमूच्या खिडकीतून बघताना झाडं तीच, शेतं तीच. आणि 1960 पर्यंत जिल्हाही तोच होता. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली बरीच गावं गुजरातेत गेली आणि उरलेली आपल्या तलासरीकडे राहिली.

त्याहून मोठी गंमत कायद्याची आहे. राज्यं दोन झाली, पण 1949 चा कायदा दोघांनीही घरी नेला. आपल्याकडे त्याला आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, तिकडे गुजरात दारूबंदी अधिनियम. मूळ मसुदा एकच. महाराष्ट्राने त्यातला परवान्याचा दरवाजा सताड उघडला, इतका की पाच रुपयांत एका दिवसाचा पिण्याचा परवाना मिळतो आणि तो खिशात असायला हवा हेच पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. गुजरातने तो दरवाजा जेमतेम किलकिला ठेवला आणि बाकीचा कायदा कडक करत नेला. बेकायदा वाहतूक आणि विक्रीसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, ही दुरुस्ती तिकडे डिसेंबर 2016 मधली. ‘मी गुजरातेत पीत नाही, नुसता गाडीतून जातोय’ हा बचाव पोलिसापुढे टिकत नाही. परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणं हाच तिथे गुन्हा.

बाटली बॅगेत ठेवायच्या ऐवजी पोटात ठेवली तरी सुटका नाही. पिऊन गुजरातच्या हद्दीत येणं हाही गुन्हाच. दर 31 डिसेंबरला दमणहून परतणाऱ्या मंडळींना वलसाड जिल्ह्याचे पोलीस नाक्यानाक्यावर अडवतात, आणि पकडलेल्यांना बसवायला मंगल कार्यालयं घ्यावी लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

या 1949 च्या कायद्याला पहिलं मोठं आव्हान मिळालं ते मुंबईत. एफ. एन. बलसारा नावाच्या एका नागरिकाने न्यायालयात मागणी केली ती केवळ पिण्याच्या हक्काची नव्हती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, अगदी कोलनवॉटरसुद्धा जवळ बाळगण्याचा, वापरण्याचा आणि सीमेपलीकडून आणण्या-नेण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी गेली, पण दारूबंदीचा मुख्य कायदा टिकला. आपल्या विषयाशी जवळचा मुद्दा असा, की युद्धनौका आणि सैन्य वाहून नेणारी जहाजं यांना या कायद्यात सवलत होती, आणि ती भेदभाव करणारी आहे की नाही यावरही त्या खटल्यात काथ्याकूट झाला. सवलत राहिली. म्हणजे दारूबंदी ऐन भरात असतानाही ‘जहाज ही वेगळी जागा आहे’ हे कायद्याला मान्य होतं. पण वेगळी जागा म्हणजे मोकळं रान नव्हे. जहाज कंपनीने आणि कप्तानाने परवाना घ्यायचा, त्यांनी विकायची, त्यांनी हिशेब ठेवायचा. प्रवाशाने आपली आणायची, असं तेव्हाही कुठे म्हटलेलं नव्हतं.

तिसरी हद्द आपली. घोलवड आलं म्हणून सुटलात असं समजू नका. ‘दमण बनावटीची दारू जप्त, मुद्देमालासह एकाला अटक’ ही बातमी पालघर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांना इतकी सवयीची आहे, की मथळा जुळवून तयार ठेवला तरी चालेल. महामार्गावर तलासरी-दापचरीचा पट्टा, आतल्या रस्त्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं भरारी पथक, रेल्वेत रेल्वे पोलीस. इथला राग पिण्यावर नाही, बुडालेल्या करावर आहे. म्हणून खिशातला पाच रुपयांचा परवाना दाखवून काही उपयोग नाही; तो पिण्याचा परवाना आहे, परराज्यातून दारू आणण्याचा नाही. गोव्याहून येणाऱ्या बाटल्यांचंही तेच. वारंवार सापडणाऱ्या सराईतांना मोक्का लावायची भाषा 2022 मध्ये तत्कालीन उत्पादन शुल्क मंत्र्यांनीच केली होती. तुम्ही सराईत नाही, मान्य. पण कलम 65 खाली गुन्हा नोंदवताना निवृत्तीचं वय बघत नाहीत.

चौथी हद्द बंदराची. डहाणू-चर्चगेट लोकलने चर्चगेट, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. इंदिरा गोदीत उभ्या राहिलेल्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. इथे विमानतळासारखीच तपासणी. सामान एक्स-रेमधून जातं, गणवेशातले जवान उभे असतात. ही तपासणी कोणाच्या लहरीवर होत नाही. 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर जगभरच्या बंदरांसाठी आणि जहाजांसाठी सुरक्षेची एक संहिता झाली आणि ती 1 जुलै 2004 पासून लागू आहे. तिचा शोध हत्यारांचा आणि स्फोटकांचा, तुमच्या खंब्याचा नव्हे. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या एका क्रूझवर पडलेला छापा तुम्हाला आठवत असेल, पण तो अमली पदार्थांसाठी होता आणि घालणारा विभागही वेगळा होता. ती गोष्ट इथे नको. फक्त एवढं लक्षात असू द्या, की दोरी बांधलेली गाठोडी आणि ट्रंका घेऊन भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीत चढायचे दिवस गेले.

आता पाचवी हद्द, जहाज. तुमचा मूळ प्रश्न इथला.

मोठी बॅग तुम्ही धक्क्यावर सोपवता. तिला तुमच्या नावाची आणि केबिनच्या क्रमांकाची चिठ्ठी लावतात आणि ती संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. मधल्या वेळात ती यंत्रातून जाते. यंत्रावर बसणाऱ्या माणसाला बाटलीचा आकार दिवसातून शेकडो वेळा दिसतो. टॉवेलात गुंडाळलेली, बुटात खोचलेली, सगळी एकाच रंगात दिसते. संशय आला की बॅग दाराशी येत नाही. तुम्हालाच सुरक्षा कक्षात बोलावतात आणि तुमच्या समोर ती उघडायला लावतात. बॅग खरोखर उघडतात का, याचं उत्तर हे असं: बहुतेकांच्या उघडत नाहीत, कारण उघडायची गरजच पडत नाही.

मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू चालत नाही. परदेशातल्या कंपन्यांत नियमांची तऱ्हा वेगवेगळी. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला प्रवास सुरू होतो त्या दिवशी 750 मिलीची वाइनची किंवा शॅम्पेनची एक बाटली हातातल्या बॅगेतून आणू देतात. व्हिस्की, रम, बिअर काही नाही. डिस्नेच्या जहाजांवर दोन बाटल्या वाइन किंवा सहा बिअर, तेही दर बंदराला. वाटेतल्या बंदरात घेतलेली व्हिस्की बहुतेक ठिकाणी चढतानाच ताब्यात घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत देतात. चोरून आणलेली सापडली तर ओतून टाकतात, भरपाई नाही. फार झालं तर उतरवून देतात. पोलीस नाही, कोर्ट नाही. हा कायदा नव्हे, तिकिटावर सही करून तुम्ही मान्य केलेला करार आहे.

या कडकपणाचं कारण सुरक्षा, असं कंपन्या सांगतात. ते खोटं नाही. समुद्रात झोकांड्या खाणारा माणूस कठड्यापाशी काय करील सांगता येत नाही. पण खरं मोठं कारण गल्ल्यात आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशनचं 2023 चं उत्पन्न सुमारे 21.6 अब्ज डॉलर होतं आणि त्यातले सुमारे साडेसात अब्ज तिकिटांतून आलेले नव्हते. बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, खरेदी, सगळं मिळून हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा. तिकीट स्वस्त परवडतं ते यामुळेच. तुमचे दोन खंबे म्हणजे कंपनीच्या दृष्टीने गल्ल्याला पडलेलं भोक आहे. हे मला लबाडीचं वाटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये बाहेरचा केटरर चालत नाही, तिथेही हेच गणित असतं.

लोकही हुशार. माउथवॉशच्या बाटलीत रंग घातलेली व्होडका, पाण्याच्या बाटलीचं झाकण फोडून पुन्हा चिकटवलेली जिन, शॅम्पूच्या नावाने विकली जाणारी प्लास्टिकची पिशवी. याला कंटाळून कार्निव्हलने जुलै 2015 मध्ये बाटलीबंद पाणी आणि सोडा आणण्यावरच बंदी घातली. आणायचं तर डब्यात किंवा खोक्यात, हातातल्या बॅगेतून, माणशी बारा. चार जणांच्या चलाखीपायी हजारोंच्या हातची पाण्याची बाटली गेली.

आपल्या माणसांची बॅग मात्र दारूपेक्षा दुसऱ्याच वस्तूंवर अडकते, हे माझं निरीक्षण. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, वायरीची गुंडाळी, देवापुढे लावायच्या मेणबत्त्या. माझ्या वहिनीची चहाची किटली एका परदेशी जहाजाने ताब्यात घेतली आणि शेवटच्या सकाळी पावतीसह परत दिली. सात दिवस ती बिचारी गवती चहा घातलेल्या चहाला मुकली. कारण आग. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस या जहाजाच्या बाल्कन्यांना लागलेली आग एका विझवायच्या राहिलेल्या सिगरेटने लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. घरचे लाडू-चिवडाही परदेशी कंपन्या सहसा नाकारतात; दुकानातला पाकीटबंद, न फोडलेला फराळ चालतो.

पत्राच्या निमित्ताने एक आमच्याकडचा प्रश्न सुचला. बोर्डीला चिकूपासून वाइन होते. ज्या जहाजावर ‘वाइनची एक बाटली’ चालते, तिथे डहाणू-घोलवडच्या चिकूची चालेल का? नियमात द्राक्षाचा उल्लेख नाही. सीलबंद असावी, लेबल वाचता यावं आणि हातातल्या बॅगेत असावी. पुढे काउंटरवरच्या माणसाची मर्जी. मी असतो तर नेली असती. ताडीचा मात्र विचार करू नका. ती सातपाटीहून चर्चगेटपर्यंत जाईतो आंबते आणि बाटलीचं बूच स्वतःच उडवते. आणि जहाज लक्षद्वीपला जाणारं असेल तर एवढं जाणून घ्या, की बंगाराम सोडलं तर तिथल्या बेटांवर दारूबंदी आहे. डेकवर घेतलेला ग्लास डेकवरच संपवायचा.

तेव्हा काका, दमणच्या बाटलीचा नाद सोडा. जहाजावरचे दर मुलाला आधीच विचारून घ्या आणि पेयांचं पॅकेज परवडतं का बघा. रोज दोन पेगांच्या वर जात नसाल तर बहुधा परवडणार नाही, सुटं घ्या. तिकिटासोबत आलेली वर्ज्य वस्तूंची यादी एकदा छापून काढा. आणि सौ.ना आजच सांगून टाका, कारण मोठ्या बॅगेवर चिठ्ठी ज्यांच्या नावाची लागेल, सुरक्षा कक्षातून बोलावणं त्यांनाच येणार आहे.