दोन अक्षरांचं पुणे, ३६ खुणांचा पत्ता

लक्ष्मी रोडवरच्या मुरलेल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं: हे खरेदीला आलंय की नुसता भाव विचारायला. वेबसाइटला पायरी नसते. तिथे कोण कुठून आलं, काय पाहिलं, कुठून परत फिरलं, हे रिपोर्ट सांगतो. तो वाचायला शिकलं की साइट कुठे दुरुस्त करायची तेही कळतं. त्यासाठी या आठ गमतीजमती.

१. टक्क्यांची माळ
‘पुणे’ या शब्दाचे संगणक चार भाग करतो: प, उकार, ण आणि मात्रा. प्रत्येक भागाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ खुणांनी लिहिला जातो. चार त्रिक बारा, बारा त्रिक छत्तीस! त्यामुळे रिपोर्टात टक्क्यांची लांबलचक माळ दिसली तर बिघाड समजू नका. बहुधा तो तुमच्याच पानाचा मराठी पत्ता असतो.

२. फुकटची तालीम
स्वतःची साइट नाही? तरीही खरा रिपोर्ट वाचता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्यातला कुठलाही लेख रोज किती वेळा उघडला गेला, याचे जुलै २०१५पासूनचे आकडे सर्वांसाठी खुले आहेत. मोबाइल वेगळा, संगणक वेगळा, माणसं वेगळी आणि यंत्रांच्या फेऱ्याही वेगळ्या. ‘पुणे’ आणि ‘गणेश चतुर्थी’ या दोन लेखांचे वर्षभराचे आलेख शेजारी ठेवून पाहा. तासाभरात नजर तयार होऊ लागते.

३. दिवस उजाडतो साडेपाचला
विकिपीडियाची मोजणी जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणून तिथली तारीख पुण्यात पहाटे ५.३० वाजता बदलते. तुमच्या साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्येही वेळ तपासा. चुकून कॅलिफोर्नियाची वेळ राहिली असेल, तर पुण्यातले रात्रीचे ९ हिवाळ्यात सकाळचे ७.३० म्हणून नोंदले जातात. मग जेवणं उरकून निवांत बसलेला वाचक तुम्हाला सकाळच्या चहाचा वाटतो आणि नवी माहिती टाकायची वेळ चुकते.

४. एक ‘आर’ हरवला तो हरवलाच
पाहुणा कोणत्या पानावरून आला हे ब्राउझर ‘रेफरर’ नावाच्या नोंदीत सांगतो. १९९६च्या वेब-नियमावलीत या इंग्रजी शब्दातला एक ‘आर’ गळाला आणि जगभर आजही तेच चुकीचं स्पेलिंग चालतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या माणसाची ही नोंद अनेकदा कोरीच असते आणि तो ‘डायरेक्ट’ खात्यात जातो. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकताना तिला, ती कुठे टाकली हे सांगणारी ‘यूटीएम’ची शेपटी जोडा, म्हणजे माग लागेल. यातला ‘यू’ म्हणजे अर्चिन. ही कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि तिच्यातूनच गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं.

५. लगेच गेला म्हणजे रागावला असं नाही
गूगल ॲनालिटिक्सच्या आजच्या आवृत्तीत कुणी १० सेकंदांहून जास्त थांबलं, दोन पानं पाहिली किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तरच ती भेट ‘गुंतलेली’ मानतात. पण दवाखान्याची वेळ किंवा फोन नंबर हवा असणारा माणूस ५ सेकंदांत समाधानाने जातो. म्हणून फोन नंबरवरची टिचकी महत्त्वाची कृती म्हणून नोंदवा. मग खरं अपयश वेगळं दिसेल.

६. माणूस एक, पाहुणे दोन
सकाळी पीएमपीच्या बसमध्ये मोबाइलवर आणि दुपारी हिंजवडीतल्या ऑफिसच्या संगणकावर तीच साइट पाहिली, की एकाचे दोन पाहुणे होतात. उलट, घरातले चौघे एकच संगणक वापरत असतील तर ते सारे मिळून एक! ही ओळख बहुतेकदा कुकीवर, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर चालते. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी ती तयार केली. विकिपीडिया मात्र वाचकाला क्रमांक न देता, फक्त शेवटच्या भेटीची तारीख कुकीत ठेवून किती उपकरणं आली याचा अंदाज बांधतो. हा साधेपणा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडेही २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. गरजेपुरतंच मोजा आणि पाहुण्याला तसं स्पष्ट सांगा.

७. अडीच सेकंदांची कसोटी
पानावरचा सर्वांत मोठा मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावं, ही गूगलची चांगल्या पानाची कसोटी. ती चारपैकी निदान तीन भेटींत पाळली गेली पाहिजे. मोबाइलवरचे लोक पहिल्याच पानावरून परत फिरत असतील, तर आधी तिथला भलाथोरला फोटो हलका करा.

८. गणपती तिथीने येतात
गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. रिपोर्ट मात्र तारखेला तारीख लावून तुलना करतो. मोदकांचे साचे विकणाऱ्याला त्यात एका वर्षी तेजी आणि दुसऱ्या वर्षी मंदी दिसेल, आणि दोन्ही खोटी असतील. तुलनेच्या तारखा हाताने निवडा, चतुर्थीसमोर चतुर्थी ठेवा. कालनिर्णय शेजारी घेऊन बसलात तर उत्तमच.

आता रिपोर्ट उघडा आणि एकच ओळ निवडा: सर्वांत जास्त माणसं ज्या पानावरून परत जातात ती. ते पान स्वतःच्या मोबाइलवर उघडा, मग घरातल्या आजीच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसून पाहा. तिचं बोट जिथे अडेल, तिथली एक गोष्ट दुरुस्त करा आणि चार आठवड्यांनी तीच ओळ पुन्हा वाचा.