सीट आपली, कप्पा सगळ्यांचा

देशांतर्गत प्रवासात आपण ज्या विमानांत बसतो, त्यांतली बरीचशी एअरबस ए-३२० जातीची. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. एवढं पाठ असलं, की वेब चेक-इन करताना घोळ होत नाही.

खिडकी घ्यायची तर बाजू बघून घ्यावी. मुंबईहून गोव्याला जाताना ए सीटवरून सह्याद्रीची बाजू दिसते, एफवरून अरबी समुद्र. येताना याच्या उलट. संध्याकाळच्या विमानात समुद्राच्या बाजूला ऊन थेट डोळ्यांवर येतं, हेही ध्यानात ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना किंवा वारंवार स्वच्छतागृहात जावं लागणाऱ्यांना वाटेकडची सीटच सोयीची. हेलकाव्यांची भीती वाटत असेल तर पंखांजवळची रांग घ्यावी; शेपटीकडे धक्के जास्त जाणवतात. आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा मिळते, पण गरज पडली तर दार उघडण्याची जबाबदारीही येते. म्हणून तिथे लहान मुलांना बसवत नाहीत आणि पायाशी बॅगही ठेवू देत नाहीत. मधल्या सीटवर बसणाऱ्याला ना खिडकी मिळते ना वाट. निदान दोन्ही हातांचे दांडे त्याला द्यावेत.

मुलांच्या सीटसाठी मात्र कोणाला गळ घालायची वेळ येऊ नये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी एकाशेजारी बसवावं, असे डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेचे निर्देश २०२४ पासून आहेत. तशी जागा मिळाली नसेल तर काउंटरवर हक्काने मागा.

आता बॅग. इकॉनॉमीत साधारण ७ किलोंची एक केबिन बॅग चालते; बहुतेक कंपन्यांचं माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. डोक्यावरचा कप्पा कोणा एका सीटच्या मालकीचा नसतो. तिथे मोठी बॅग ठेवावी. लॅपटॉपची पिशवी, पर्स समोरच्या सीटखाली. पंचविसाव्या रांगेतल्याने बॅग पाचव्या रांगेवर टाकली, की पाचव्या रांगेतल्या आजींची बॅग मागे जाते आणि उतरताना त्यांना गर्दीतून उलटं जावं लागतं. चार्जर, चष्मा, औषधं रांगेत उभं असतानाच काढून हातात घ्यावीत. वाटेत बॅग उघडून शोधत बसलं, की मागची सगळी रांग खोळंबते.

कप्पे भरले, की कर्मचारी बॅग खाली मालाच्या कप्प्यात पाठवतात. अशा वेळी पॉवर बँक आधी काढून घ्या. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ती विझवता येते, खाली तिच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. गावाकडून आणलेलं सुकं खोबरं मात्र वरही नको, खालीही नको: तेलकट असल्याने ते आपोआप तापून पेटू शकतं.

बॅगेविषयीची सर्वांत मोठी शिस्त मात्र संकटातली. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं उतरणारं ए-३५० विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. मोठं विमानही पेटलं, त्याच्या आठपैकी तीनच दारं वापरता आली. तरीही आतले ३७९ जण जिवंत बाहेर पडले. सामान घेऊ नका, हे कर्मचाऱ्यांचं सांगणं प्रवाशांनी ऐकलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. विमानाला मान्यता देतानाची अटच अशी, की निम्मी दारं बंद असताना सगळे ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. त्या ९० सेकंदांत कप्पा उघडायला वेळच नसतो.

म्हणून पुढच्या प्रवासात पासपोर्ट, पैसे आणि रोजची औषधं अंगावरच्या खिशात ठेवा. बॅग सोडून पळायची वेळ आलीच, तर हात मागे अडकणार नाही.