चार कवड्या, दोन भाषा आणि एक सूत्रधार

बेंगळुरू-पुण्याला शिकायला गेलेली मुलं सुट्टीत घरी येताना नवीन काहीतरी घेऊन येतात. कधी केसांची तऱ्हा, कधी गाणी, तर कधी एखादा खेळ. ‘रोल-प्लेइंग गेम’ हा त्यातलाच. नाव इंग्रजी असलं तरी खेळायला लागतं ते एक टेबल, कागद-पेन्सिल, फासे आणि चार-पाच बोलकी माणसं. आपल्या मैलूरमध्ये एखाद्या रविवारी शाळेचा हॉल मागून, चार टेबलं मांडून याचा छोटासा मेळावा भरवता येईल का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘जरूर’ असं आहे. मात्र तो चालवायचा कसा, यावर थोडा विचार हवा.

आधी खेळ समजून घेऊ. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकेक पात्र होतो. कुणी वैद्य, कुणी शिपाई, कुणी चोर. एक जण मात्र कुठलंच ठरावीक पात्र घेत नाही. तो खेळ चालवतो. ‘तुम्ही विहिरीच्या काठावर आहात, खालून कुणाचा तरी आवाज येतोय. काय करता?’ असं तो विचारतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि काय करणार ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. यात शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट मात्र तयार होते.

याचा जन्म अमेरिकेतला. 1969 साली डेव्हिड वेझली या गृहस्थांनी मित्रांसाठी लढाईचा एक खेळ मांडला आणि प्रत्येकाला एका काल्पनिक गावातली भूमिका दिली. खेळाडू नकाशावरची लढाई सोडून आपसांत बोलत, कट रचत बसले. खेळ पार फसला असं वेझलींना वाटलं, आणि मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. पहिली आवृत्ती होती हजार प्रतींची. ‘जेन कॉन’ हा आज हजारोंच्या गर्दीचा मेळावाही 1968 साली लेक जिनिव्हा या लहानशा गावातल्या एका हॉलमध्ये शंभरेक माणसांनिशी सुरू झाला. तेव्हा चार टेबलांना कुणी हसू नये.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. किनारपट्टीच्या कर्नाटकात ‘ताळमद्दळे’ होतं. त्यात वेष नाही, नाच नाही. भागवत पदं म्हणतो आणि समोर बसलेले अर्थधारी कुणी कर्ण, कुणी कृष्ण होऊन जागच्या जागी संवाद रचतात. कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण आज कर्ण काय बोलेल ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि मराठी रंगभूमीचं मूळ तरी कुठलं? उत्तर कन्नड भागातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि 1843 साली ‘सीता स्वयंवर’ झालं. त्यातही पदं सूत्रधार म्हणे आणि बरंचसं गद्य पात्रं ऐनवेळी बोलत. म्हणून खेळ चालवणाऱ्याला ‘सूत्रधार’ म्हणायला मला काहीच संकोच वाटत नाही.

घरच्या खेळात आणि मेळाव्यातल्या खेळात मोठा फरक आहे. घरी तेच मित्र दर आठवड्याला बसतात. मेळाव्यात टेबलावर पाच अनोळखी मुलं असतात आणि हातात असतात तीन तास. म्हणून पात्रं आधीच तयार ठेवावीत. एका कागदावर एक पात्र: नाव, काय येतं, काय येत नाही, कशाची भीती वाटते. नियम सुरुवातीला वाचून दाखवू नयेत. जो नियम लागेल तो लागेल तेव्हा सांगावा. पहिल्या दहा मिनिटांत मुलांना काहीतरी ठरवायला लावावं, नाहीतर ती खिडकीबाहेर बघू लागतात. शेवटची वीस मिनिटं गोष्ट संपवण्यासाठी राखून ठेवावीत. 1975 साली बाल्टिमोरच्या मेळाव्यासाठी गायगॅक्सनी एक साहस रचलं होतं, त्यात भल्याभल्या खेळाडूंची पात्रं पटापट मेली. पट्टीच्या खेळाडूंसाठी ते ठीक, पण आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्या मुलाचं पात्र अर्ध्या तासात मारलं तर ते मूल पुन्हा येणार नाही.

आणखी एक पथ्य. परदेशातल्या बऱ्याच टेबलांवर फुली मारलेलं एक कार्ड ठेवतात. गोष्टीतलं काही नकोसं वाटलं तर त्या कार्डाला हात लावायचा. कारण न विचारता तो प्रसंग वगळला जातो. लहान मुलं असतील तिथे हे कार्ड हवंच.

वीस पैलूंचे फासे आपल्या बाजारात मिळतीलच असं नाही. त्यांच्यासाठी अडून बसू नये, चौकाबाऱ्याच्या चार कवड्या पुरतात. कवडी उताणी-पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर सोळा प्रकारांपैकी अकरांत दोन किंवा जास्त कवड्या उताण्या पडतात, पाचांत तीन किंवा जास्त, आणि चारही फक्त एकदा. म्हणजे सोप्या कामाला दोन, अवघड कामाला तीन आणि अचाट कामाला चार, असा नियम झाला. शिवाय मुठीत कवड्या खुळखुळवण्याची मजा प्लॅस्टिकच्या फाशाला कुठून येणार?

गोष्टीसाठीही ड्रॅगन आणायला नको. बिदरला बहामनी काळातली करेझ आहे: जमिनीखालून हलक्या उतारानं पाणी आणणारा बोगदा आणि त्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी. नौबादच्या भागातला गाळ 2015च्या सुमारास काढला गेला. कल्पना करा, पाणी अचानक आटलंय, आत उतरून कारण शोधायचंय. मुलांना एवढं सांगितलं की पुरे.

आता मुख्य प्रश्न, टेबलाची भाषा कुठली? मराठी ठरवली तर कन्नड शाळेतलं मूल गप्प बसणार. कन्नड ठरवली तर मराठी शाळेतलं. मग बहुतेक जण सोय म्हणून इंग्रजीकडे वळतात आणि टेबलावर फक्त इंग्रजी शाळेतली मुलं बोलतात. आपल्या कितीतरी घरांत नातवंडांना आजीचं कन्नड समजतं, पण उत्तर मराठीत येतं. कुठे याच्या उलट. तोंड उघडलं तर कुणी हसेल ही भीती. म्हणून भाषा ठरवूच नये, तिला खेळात घ्यावं. करेझमध्ये उतरलेला बेलदार फक्त कन्नड बोलतो. वर दोर धरून उभ्या व्यापाऱ्याला मराठीशिवाय काही कळत नाही. खालून हाक येते, ‘नीर एल्ली अद?’ आता ज्या पोरीला दोन्ही येतं तिच्यावाचून पुढे कुणाचंच चालत नाही. शिपायाच्या तलवारीइतकंच तिचं दुभाषेपण मोलाचं ठरतं. तिच्या कागदावर ते गुण म्हणून लिहून ठेवावं. कुठे दखनीतला एखादा पहारेकरी ठेवला तर बिदरकरांना तोही परका नाही.

सूत्रधारानं मात्र स्वतः कमी बोलावं. वर्गात तासभर एकट्यानं बोलायची सवय असलेल्या आम्हा प्राध्यापकांना हेच सर्वांत जड जातं. गप्प मुलाला ‘तू बोल ना’ म्हणू नये. त्याच्या पात्राला प्रश्न विचारावा. ‘वैद्यबुवा, या पाण्याला वास कसला येतोय?’ आणि मग थांबावं. पाच-दहा सेकंदांची शांतता टेबलाला सोसते. चूक भाषेत उत्तर आलं तर दुरुस्त करू नये, गोष्ट पुढे न्यावी.

संध्याकाळी मुलांना न्यायला घरची माणसं येतील. खेळ संपायला अजून थोडा अवकाश असेल. एखादी आजी दारात उभी दिसली तर तिला खुर्ची द्या आणि विहिरीजवळ राहणारी म्हातारी करा. पाणी कुणी अडवलं ते तिला ठाऊक आहे, पण ती कन्नडशिवाय दुसऱ्या भाषेत सांगणार नाही.