पोराचा पेपर आता पडद्यावर तपासला जातोय

मंडळी, २०२० साल आठवा. कोरोनामुळं शाळांना कुलपं लागलेली. तलवाड्यापासून पार पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यापर्यंत जिल्ह्यातली पोरं घरात बसून होती. ज्या घरात टच फोन होता, तिथलं पोर निबंध लिहायचं, वहीच्या पानाचा फोटो काढायचं आणि गुरुजींना व्हॉट्सॲपवर धाडायचं. गुरुजी त्या फोटोवरच बोटानं लाल रेघ मारायचे, चुकलेल्या वेलांटीला गोल करायचे आणि खाली दोन शब्दांचा शेरा लिहून परत पाठवायचे. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांची वही कोरीच राहिली, तेही विसरून चालणार नाही.

ह्याच कामाची मोठी आणि रीतसर व्यवस्था आता विद्यापीठांत आणि परीक्षा मंडळांत आली आहे. तिला 'ऑनस्क्रीन मार्किंग' म्हणतात. पेपर पोरं पेननं कागदावरच लिहितात, पण मास्तर तो संगणकाच्या पडद्यावर तपासतो. केंद्रीय मंडळानं, म्हणजे सीबीएसईनं, २०२६ च्या परीक्षेपासून बारावीचे पेपर असे तपासण्याचं जाहीर केलं. आपली बहुतेक पोरं राज्य मंडळाची आणि पुढं विद्यापीठाच्या कॉलेजांतली. तरीपण ही रीत आपल्याला समजून घ्यायला हवी. ज्याच्याकडं दीड-दोन एकर कोरडवाहू आहे आणि जो दिवाळीच्या आधीच कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो, त्याच्या घरी पोराचे मार्क हा एकच दाखला असा आहे की ज्याच्या जोरावर पुढची पिढी कोयता खाली ठेवू शकते. तो दाखला कुठं आणि कसा तयार होतो, हे विचारायचा हक्क त्या बापाला आहे.

तर रीत अशी. परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे स्कॅनिंगच्या जागी जातात. तिथं उत्तरपत्रिकेची शिवण कापून पानं सुटी करतात आणि मशीनमधून एकेक पान काढून त्याचं चित्र घेतात. पोराचं नाव आणि बैठक नंबर झाकलेला असतो. ओळख फक्त बारकोडच्या रेघांतून. परीक्षक आपल्या नावानं आणि पासवर्डनं संगणकात शिरतो, तेव्हा त्याच्यापुढं कुणाचं तरी पान येतं. कुणाचं ते त्याला कळत नाही. पान एका अंगाला, प्रश्नांचा तक्ता दुसऱ्या अंगाला. बरोबरची खूण, चुकीची फुली, अधोरेखा, शेऱ्याची चौकट, सगळं माऊसच्या टोकावर. एखादं पान न बघता पुढं गेलं की संगणक अडवतो. एखाद्या प्रश्नाला गुण द्यायचे राहिले तर पेपर पुरा होऊ देत नाही. बेरीज तोच करतो. कोणत्या परीक्षकानं एका पेपरला किती मिनिटं दिली ह्याचीही नोंद राहते, आणि नियामकाला कुठलाही पेपर त्याच घडीला उघडून बघता येतो.

फायदे खरे आहेत, ते नाकारायचं कारण नाही. बेरजेची चूक, आतल्या पानावरचे गुण वरच्या पानावर चढवायचे राहणं, मधलं एखादं उत्तर नजरेतून सुटणं, ह्या कागदी तपासणीतल्या जुन्या चुका. ह्यांनी किती पोरांचं वर्ष वाया घालवलं असेल! त्या इथं जवळजवळ संपतात. गठ्ठे गावोगाव फिरवायला लागत नाहीत आणि वाटेत गहाळ होण्याची भीती कमी.

मग घोडं अडतं कुठं? मुंबई विद्यापीठाची गोष्ट ऐका.

२०१७ साली, परीक्षा तोंडावर असताना, तिथल्या कुलगुरूंनी ठरवलं की सगळ्याच शाखांचे पेपर एकदम पडद्यावर तपासायचे. थोडकं करून बघायला वेळ नव्हता. परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना पुरतं शिकवलेलं नव्हतं, संगणक मध्येच बंद पडायचे, कुणाच्या पेपरची पानं कुणाला जोडली गेली, काही पेपर सापडेचनात. कायदा म्हणतो की निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागावा. तेव्हाचे राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव ह्यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. मदतीला नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक घ्यावे लागले, कारण त्यांना ही रीत आधीपासून माहीत होती. सगळे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. पुढच्या शिक्षणाला जाणारी पोरं तोपर्यंत लटकून राहिली. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख ह्यांना पदावरून दूर करण्यात आलं. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

गंमत अशी की ह्याच पद्धतीनं शेजारच्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठानं त्याआधीच इंजिनिअरिंगचे पेपर तपासायला सुरुवात केली होती. हाँगकाँगमध्ये शाळेच्या परीक्षेत ती २००७ पासून आहे, आणि तिथं पहिल्या वर्षी फक्त भाषांचे पेपर घेऊन बघितले होते. आधी वाफ्यात रोप टाकतात, मग लावण करतात. मुंबईनं थेट सगळ्या शिवारात लावण केली.

तुम्हाला सातबारा ऑनलाइन झाला तो काळ आठवत असेल. तलाठ्याच्या हातचा सातबारा जाऊन छापील उतारा आला, चांगलंच झालं. पण नावातली वेलांटी चुकली, क्षेत्रातला एक गुंठा इकडचा तिकडं झाला, त्यांचं काय? जमीन महसूल संहितेचं कलम १५५ लावून दुरुस्तीसाठी तहसीलला किती खेटे घातले हे ज्याचं त्याला माहीत. उताऱ्यात चूक असेल तर ती आपण वाचून ओळखतो. पोराच्या पेपरात चूक असेल तर पेपर बघितल्याशिवाय ओळखणार कशी?

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. संगणक गुण मोजतो, देत नाही. गुण मास्तरच देतो. ऊसतोडीवाल्याला हे समजावून सांगायला नको. कारखान्याचा काटा इलेक्ट्रॉनिक झाला, आकडा लाल अक्षरात झळकतो, पण पाचटापोटी किती वजन कापायचं हे माणूसच ठरवतो. तसंच निबंधाचं. इंग्लंडात केंब्रिजच्या अभ्यासकांनी एकाच तऱ्हेचे निबंध कागदावर आणि पडद्यावर तपासून घेतले. गुणांत फारसा फरक पडला नाही, मात्र पडद्यावर लांब मजकूर वाचताना परीक्षकाच्या डोक्याला ताण जास्त पडतो असं त्यांना दिसलं. म्हणजे मास्तरला घाई लावली, दिवसाला अमुक इतके पेपर झालेच पाहिजेत म्हटलं, की निबंधावर अन्याय होणारच, मग कागद असो की पडदा.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. पोरांना इतकं तरी सांगा. निळ्या किंवा काळ्या पेननंच लिहा. पेन्सिलीचं आणि फिक्या शाईचं लिखाण स्कॅनमध्ये उठत नाही. मागच्या पानावर उमटणारा ओला पेन टाळा. पानाच्या अगदी कडेला लिहू नका. बारकोडच्या स्टिकरवर रेघ मारू नका. पुरवण्या किती जोडल्या तो आकडा पहिल्या पानावर भरा. प्रश्नाचा क्रमांक ठळक हवा, कारण परीक्षक तक्त्यात तोच शोधतो.

दुसरं, निकालानंतरचं. उत्तरपत्रिका बघणं हा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय ह्या खटल्यात सांगितलं की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात बघता येते. राज्य मंडळाची स्वतःची सोयही आहे. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात येतो. तिथं अर्ज ऑनलाइन होतो आणि छायाप्रत ई-मेलवरही मागता येते. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीला विषयामागं ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये शुल्क राहत आलं आहे. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती हातात पडल्यावर कामाचे पाचच दिवस मिळतात. शुल्क आणि तारखा मुख्याध्यापकांकडून त्या त्या वर्षी विचारून घ्या.

इथंच आपली खरी अडचण. निकाल मे महिन्यात लागतो. तेव्हा माणसं कारखान्यावरून परतलेली असतात, पण उचल फेडून हातात फार उरलेलं नसतं आणि पेरणी तोंडावर. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट २०२५ साली ९०१ रुपयांना होतं. एका विषयाची छायाप्रत त्याच्या निम्म्याहून कमी पैशात येते, हे कुणी सांगितलं तरच कळणार. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अर्जाची शेवटची तारीख खडूनं लिहायला ग्रामसेवकाला कुठल्या जीआरची गरज नाही. मुख्याध्यापकांनी केंद्रचालकाला सांगून अर्ज भरून दिला तर पोराची गेवराईची एक चक्कर वाचेल.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत जे बसतात त्यांना एक विचारणं. मोठ्या परीक्षेत गुण कळतात, शेरा पोरापर्यंत पोचत नाही. तो पोचतो घटक चाचणीत आणि रोजच्या वहीत. तेव्हा तपासलेल्या वह्या पोरांना परत मिळतात का, त्यात नुसती बरोबरची खूण असते की चूक कुठं झाली हेही लिहिलेलं असतं, हे बैठकीत विचारा. चहापाण्याच्या आधी विचारा, नंतर विषय राहून जातो.

राहिली ती कारखान्यावर गेलेली पोरं. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, पण काही आई-बापाच्या मागं जातातच. कोल्हापूर-सांगलीच्या फडात पाल टाकलेलं असतं आणि फोन आता त्या पालातही असतो. संध्याकाळी पोरानं दहा ओळी लिहाव्या, फोटो धाडावा, आणि इथं तलवाड्यात बसलेल्या गुरुजींनी २०२० साली मारायचे तशी त्यावर लाल रेघ मारून परत पाठवावी. त्याला स्कॅनिंगचं मशीन लागत नाही, कंपनीचा ठेका लागत नाही. फोटो उघडला की वर पेन्सिलीचं चित्र दिसतं, त्यावर बोट ठेवायचं आणि लाल रंग घ्यायचा. हंगाम सुटून पोर वर्गात येईल तेव्हा त्याचं नाव हजेरीपटावर असेल आणि पाच महिन्यांचं लिखाण गुरुजींच्या फोनमध्ये.