जुनी मोटार घेताना (लेखांक 7) : डिकीतला भाडेकरू

धुराच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती कशी ओळखावी, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी वाईकडील एका कीर्तनकार बुवांचे पत्र आले आणि त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न असा मुळावरच बोट ठेवणारा निघाला की, धुराला आणखी एक आठवडा तिष्ठत ठेवणे भाग आहे. बुवा, पेटीवाले, तबलजी आणि एक टाळकरी असे चौघे. सोबत हार्मोनियम, तबला-डग्गा आणि मुक्कामाच्या चार पिशव्या. दलालाने त्यांना एकाच सालच्या दोन वॅगन आर दाखविल्या, एक निव्वळ पेट्रोलची आणि दुसरी कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली, म्हणजे ‘कंपनी फिटेड’, किमतीने पाऊण लाखाने चढी. ‘बुवा, अ‍ॅव्हरेज बघा!’ हे पालुपद दलालाने अखेरपर्यंत सोडले नाही. ‘अ‍ॅव्हरेज पाहिले, पण पेटी कोठे ठेवू?’ असे बुवा विचारतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सीएनजीची टाकी म्हणजे डिकीत कायमचा येऊन राहिलेला भाडेकरू होय. तो दरमहा इंधनाच्या बचतीच्या रूपाने भाडे चुकते करतो, हे खरे, परंतु खोली मात्र त्याच्याच ताब्यात राहते, आणि घरमालकाला त्या खोलीची गरज किती, याचा विचार न करता केवळ भाड्याच्या आकड्यावर भाळणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

टाकी एवढी जागा का अडविते, याचे कारण वायूच्या स्वभावात आहे. पेट्रोल द्रवरूप असल्याने थोडक्या जागेत सामावते. वायूला मात्र सुमारे 200 बार दाबाखाली कोंडावे लागते, आणि तो दाब सोसण्यासाठी टाकी दंडगोलाकार व जाड पोलादाची करावी लागते. जिच्यात 60 लिटर पाणी मावेल, अशा टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो वायू बसतो. एका किलोत साधारण दीड लिटर पेट्रोलाइतकी उष्णता धरली, तर एवढ्या अवजड पात्रात अवघ्या बारा-तेरा लिटर पेट्रोलाचा ऐवज साठतो. मागचे दार उघडून पाहावे. बैठकीच्या पाठीला लागून आडवी टाकी, ती आवळून धरणारे लोखंडी पट्टे, एका टोकाला झडप आणि तिच्यातून खाली उतरणारी नळी. राहिलेल्या फटीत पिशव्या उभ्या राहतात, पेटी आडवी होत नाही. गाडीबाजारात या टाकीवर प्लायवूड टाकून वर गालिचा अंथरण्याचा एक शिरस्ता आहे. गालिचा उचलून पाहिल्याखेरीज डिकीविषयी मत बनवू नये.

डिकीच्या मापाविषयीही एक खुलासा येथे अवश्य आहे. 2019 साली आलेल्या वॅगन आरची डिकी 341 लिटरची आणि तिच्या आधीच्या पिढीची 180 लिटरची, असे आकडे तपशीलपत्रकात असतात. हे माप घेण्याची रूढ पद्धत म्हणजे 200 × 100 × 50 मिलिमीटर आकाराचे, एकेक लिटरचे ठोकळे डिकीत कोनाकोपऱ्यांतून रचीत जाणे. ठोकळा चाकाच्या कमानीमागेही बसतो, पेटी बसत नाही. सबब आकड्यांवर विसंबू नये; पेटी, डग्गा आणि पिशव्या घेऊनच गाडी पाहावयास जावे, त्या स्वहस्ते आत रचाव्यात आणि दार लागते की नाही, याची खातरजमा करावी. दलाल हसेल, तर हसू द्यावे.

आता जमाखर्च मांडू. पेट्रोल लिटरला 105 रुपये आणि सीएनजी किलोला 90 रुपये धरू. खरे दर ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. पत्रकातील आकडे बाजूला ठेवून रस्त्यावरचे 17 आणि 25 किलोमीटर हिशेबात घेतले, तर पेट्रोलवर किलोमीटरमागे सव्वासहा रुपयांच्या आतबाहेर आणि वायूवर 3 रुपये 60 पैसे पडतात. बचत अडीच रुपयांची. बुवांचा प्रवास श्रावण, रामनवमी, दत्तजयंती अशा मोसमांत एकवटलेला, वर्षाकाठी सुमारे 8,000 किलोमीटर. वार्षिक बचत 20,000 रुपये. पाऊण लाखाचा फरक भरून निघण्यास पावणेचार वर्षे लागतील. याउलट जो इसम महिन्याला 2,000 किलोमीटर फिरतो, त्याचा तोच फरक सव्वा वर्षात फिटतो, आणि अशा माणसाने भाडेकरू अवश्य ठेवावा.

परंतु या हिशेबात एक रकाना अजून कोराच आहे. पेटी न मावल्याने तबलजींना एकदा जरी स्वतंत्र जीप करून यावे लागले आणि तिचे भाडे दीड हजार पडले, तर 600 किलोमीटरांची बचत त्या एका फेरीत बुडाली. टपावर कॅरिअर बसवावा, असे कोणी सुचवील. पण श्रावणातल्या सर्द हवेत तबल्याचे चामडे सैल पडते, पेटीचे सूर ओलीने बिघडतात, आणि टपावरचे ओझे वारा अडवून ज्या अ‍ॅव्हरेजसाठी हा सारा खटाटोप, तेच खाली आणते. मालासकट जी गाडी एका फेरीत पोहोचते, तिचेच अ‍ॅव्हरेज खरे.

ज्यांना जागा आणि वायू दोन्ही हवेत, त्यांना ईको आहे. टाकी असूनही गाडीच्या मागल्या भागात उंची उरते. मात्र इंजिन पुढच्या बैठकीखाली असल्याने उन्हाळ्यात खालून धग लागते. 2023 साली टाटांनी अल्ट्रोजमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी 30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली निजवल्या आणि वर 210 लिटर जागा मोकळी राखली. जुन्या बाजारात अशा गाड्या अजून विरळा आणि महाग आहेत.

वायूची गाडी घेणाऱ्यांनी दोन दस्तऐवज पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. आर.सी. बुकात इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवी. बाहेरून किट बसवून नोंदीचा कंटाळा केलेला असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याचा संभव असतो. दुसरा दाखला टाकीच्या जलदाब-चाचणीचा, ज्याला बाजारात ‘हायड्रो टेस्ट’ म्हणतात. दर तीन वर्षांनी टाकी उतरवून, पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाहून बऱ्याच अधिक दाबाखाली ठेवतात आणि दाब काढल्यावर ती मूळ आकारावर येते की नाही, हे मोजतात. चाचणीची तारीख पाहावी. मुदत संपत आली असेल, तर तो खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

बुवांनी पेट्रोलची घ्यावी, असा माझा अभिप्राय आहे. टाळकऱ्यांची संख्या वाढली, तर ईकोचा विचार पुन्हा करता येईल. कारागिरांसाठी हाच हिशेब निराळा पडतो, आणि दोघा वाचकांनी त्याविषयी लिहिण्याचा तगादाही लावला आहे; पण आता आधी धूर.