‘गंमत केली हो सर!’ : चिडवाचिडवी कुठं संपते अन् छळ कुठं सुरू होतो? घरच्यांनी काय ओळखावं, काय करावं

सोमवार उजाडला की पोट दुखतं. शाळेची वेळ टळली की तेच पोरगं अकरा वाजता शेळ्यांमागे हुंदडत असतं. घरचे म्हणतात, ‘नाटकं करतंय, अभ्यासाचा कंटाळा आलाय.’ बऱ्याचदा तसंच असतंही. पण दर सोमवारी आणि प्रत्येक सुट्टीनंतर हेच होत असेल, तर कंटाळ्याच्या पलीकडचं काहीतरी आहे. शाळेत, एसटीत नाहीतर वसतिगृहात कुणीतरी त्या पोराला रोज गाठतंय, हे त्यातलं एक कारण असू शकतं.

खेड्यातल्या मुलांसाठी यात एक नाजूक वळण असतं. वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. तिथं सगळी एकमेकांच्या ओळखीची, गुरुजी घरचे. पुढं मोठ्या गावच्या हायस्कुलात जायचं म्हणजे नवी पोरं, नवी भाषा, आठ-दहा किलोमीटरचा प्रवास. वस्तीवरून आलेला मुलगा वर्गात एकटाच असतो. त्याचं बोलणं वेगळं, चप्पल तुटकी, बाप ऊसतोडीला गेलेला. चिडवायला एवढं पुरतं. पहिल्या आठवड्यात नाव पडतं, दुसऱ्या आठवड्यात ते नाव सगळा वर्ग घेतो आणि दिवाळीपर्यंत त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरतं.

आता कुणी म्हणेल, ‘आम्हाला पण चिडवायचे, आम्ही काय मेलो?’ हे खरं आहे. चिडवाचिडवी सगळीकडे असते आणि प्रत्येक टोपणनाव म्हणजे छळ नव्हे. फरक कुठं आहे, हे नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी फार सोप्या रीतीने मांडलं. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबतच्या मुलांनी केलेला छळ असल्याचं समोर आलं आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभर शाळांतून मोहीम हाती घेतली. ओल्वेयस यांची कसोटी तीन गोष्टींची: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि देणारा बळाने, वयाने, संख्येने किंवा घरच्या वजनाने वरचढ असतो. दोन मित्र एकमेकांना चिडवतात, भांडतात आणि संध्याकाळी परत एकत्र खेळतात, तो छळ नाही. एकजण रोज हसतो आणि दुसरा रोज खाली मान घालतो, तो छळ. तिथं ‘गंमत केली हो सर’ हे उत्तर चालायला नको. गंमत असेल तर दोघांनाही हसू यायला पाहिजे.

मारणं, ढकलणं, डबा हिसकावणं, दप्तर लपवणं हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारा प्रकार जास्त चालतो. मुलींमध्ये बोलणंच बंद करतात. मधल्या सुट्टीत कुणी शेजारी बसू देत नाही, पाण्याच्या टाकीपाशी गेलं की सगळ्या उठून जातात. जुन्या काळी गावं माणसाला वाळीत टाकायची, तेच हे छोट्या रूपात. गुरुजींना विचारलं तर ते म्हणतील, ‘वर्गात काही भांडण नाही.’ ते खोटंही बोलत नसतात.

आणि मोबाईल. पूर्वी शाळा सुटली की सुटका व्हायची. आता वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता त्याच पोराच्या फोटोचा स्टिकर फिरतो, खाली चाळीस हसरे चेहरे. मुलीचा फोटो असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. फोटोत बदल करून तो अश्लील केला तर त्याला पोक्सो आणि आयटी कायदा लागू शकतो आणि ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ म्हणणाराही त्यात अडकतो. ही गोष्ट स्टिकर बनवणाऱ्या पोरांच्या आईबापांना बहुधा माहीतच नसते.

परिणाम किती दूर जातो?

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात साधारण तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिन्याभरात एकदा तरी असा त्रास झालेला असतो. मोठं झाल्यावर पोरं विसरतात, ही समजूत ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने खोटी ठरवली. तिथं १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांची माहिती वर्षानुवर्षे ठेवली गेली. सात आणि अकरा वर्षांचे असताना ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीत पोहोचल्यावरही नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळली. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही जखम पूर्ण भरलेली नव्हती.

आपल्याकडे परिणाम त्याआधीच दिसतो. मार्क घसरतात, मग गैरहजेरी, मग ‘त्याला शिक्षणात रस नाही’ असं म्हणून पोरगं कामाला लागतं. मुलींचं तर आणखी अवघड. एसटीत किंवा स्टँडवर पोरं त्रास देतात हे घरी कळलं, की पहिला निर्णय काय? शाळा बंद. सरकारने मोफत पास दिला, पण त्या पासावरचा प्रवास दोन टग्या पोरांमुळे थांबतो आणि वर्षभरात स्थळं बघायला सुरुवात होते. शिक्षा भोगते ती मुलगी. म्हणूनच मुली सांगत नाहीत. मुलगे सांगत नाहीत त्याचं कारण वेगळं: बाप म्हणेल, ‘पोरगा असून रडतोस? तू पण दे ना ठेवून.’

सांगत नसतील तर ओळखायचं कसं? सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी चेहरा उतरतो. वह्या फाटलेल्या, कंपासपेटी सारखी ‘हरवते’. डबा नेऊनही पोरगं घरी येऊन आधाशासारखं जेवतं. नेहमीची एसटी सोडून लांबच्या वाटेने चालत येतं. घरातून किरकोळ पैसे गायब होतात. बऱ्याच वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं होतं. यातली एखादी गोष्ट दुसऱ्या कारणानेही असू शकते. दोन-तीन एकदम दिसल्या तर शेजारी बसून विचारलेलं बरं. ‘तू काय केलं होतंस?’ हा पहिला प्रश्न मात्र नको. त्या प्रश्नाला पोरं गप्प बसतात ती कायमची.

तावातावाने समोरच्याच्या दारात जाऊ नये. गावात पोरांचं भांडण अर्ध्या तासात भावकीचं होतं, निवडणूक जवळ असेल तर पॅनलचं. मग मूळ पोरगं बाजूलाच राहतं. त्यापेक्षा तारीख, जागा, कोण होतं, काय झालं हे वहीत लिहून ठेवावं. मोबाईलवरचं काही असेल तर रागात डिलीट करू नये, आधी स्क्रीनशॉट घ्यावा.

तक्रार कुठं?

आधी वर्गशिक्षक. आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. पोच घेणं फार महत्त्वाचं, तोंडी तक्रार हवेत विरते. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. विषय तिथं मांडता येतो. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. पेटी कागदांसाठी आहे की नुसती भिंतीवर आहे, हे पालकांनी विचारायला हरकत नाही. शाळा ढिम्म असेल तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तो फक्त इंजिनिअरिंग-मेडिकलचा नाही. शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृहही येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. जातीवरून लोकांसमोर अपमान केला तर अट्रॉसिटीचा गुन्हा होऊ शकतो. आरोपी १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

पण प्रत्येक वेळी पोलीस ठाणंच गाठायचं असं नाही. त्रास देणारं पोरगंही कुणाचं तरी लेकरूच असतं. काहीजण घरी पट्ट्याचा मार खातात आणि तोच हात शाळेत उगारतात. काहींना घरून कधीच कुणी अडवलेलं नसतं. ओल्वेयस यांना असंही आढळलं, की शाळेत दादागिरी करणारी मुलं मोठेपणी गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. तेव्हा तक्रार आल्यावर ‘माझा बाळू तसला नाही’ म्हणून ती उडवून लावणारा बाप स्वतःच्याच पोराचं नुकसान करतो.

बघणाऱ्या पोरांचं काय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावरची मुलं कॅमेऱ्याने टिपली. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती, पण मध्ये पडणारी थोडीच. ज्या वेळी कुणी मध्ये पडलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमधल्या शाळांनी यावरच भर दिला: सगळ्या वर्गाला शिकवायचं की हसायचं नाही, एकट्या पोराजवळ जाऊन बसायचं. याला ना निधी लागतो ना जीआर. शनिवारच्या तासाला एखादे गुरुजी हे करू शकतात.

मूल ‘जगायलाच नको’ असं काही बोलत असेल, खाणं-झोप उडाली असेल, तर अर्ज-तक्रारीची वाट बघू नये. त्याला एकटं ठेवू नये आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करावा. मुलांच्या कुठल्याही छळासाठी चाइल्डलाइन १०९८ आहे. दोन्ही नंबर मोफत आहेत, रात्रीही चालू असतात आणि मराठीत बोलता येतं.